सिलिकॉनचा साचा आणि इपॉक्सीचे मावळे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या किल्ल्यासाठी मी दरवर्षी शाडूचे मावळे घडवतो. परंतु शाडूची तलवार पुढची दिवाळी क्वचितच पाहते, म्हणून यंदा मार्चमध्ये साच्यासाठी एक किलो टिन क्युअर सिलिकॉन (कथिलयुक्त उत्प्रेरकाने घट्ट होणारे रबरासारखे द्रव्य) आणि मावळे ओतण्यासाठी दीड किलोचा इपॉक्सी संच (रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर, असे दोन द्रव) आणून ७ सेंटिमीटर उंचीच्या एका मावळ्याचा दोन भागांचा साचा घरीच तयार केला. त्यातून आजवर ४२ मावळे निघाले आहेत.

सिलिकॉनबद्दल माझी तक्रार नाही. वाळलेल्या शाडूवर लाखेचे दोन हात दिल्यावर मावळा अर्धा प्लॅस्टिसिनमध्ये (न वाळणाऱ्या तेलकट मातीत) पुरला, साच्याचे दोन्ही भाग नेमके जुळावेत म्हणून सभोवार काचेच्या गोटीने खळगे दाबले आणि सिलिकॉन उंचावरून बारीक धारेने एका कोपऱ्यात ओतले. धार बारीक असली की बुडबुडे वाटेतच फुटतात. पगडीच्या घड्या तर सोडाच, माझ्या अंगठ्याचा ठसाही प्रत्येक मावळ्याच्या पाठीवर उमटला आहे. मात्र सिलिकॉन सिलिकॉनला चिकटते, हे ठाऊक असूनही दुसरा भाग ओतण्यापूर्वी एका कडेला व्हॅसलीन लावायचे राहिले आणि तेवढा सांधा पात्याने कापून सोडवावा लागला. टिन क्युअर कालांतराने आटते, हेही लक्षात ठेवावे : ऑक्टोबरात ओतलेला मावळा व्हर्नियरने मोजला तेव्हा ७० ऐवजी ६९.६ मिलिमीटर भरला. किल्ल्यावर ते कोणाच्या लक्षात येत नाही, पण एकमेकांत बसणारे भाग करणाऱ्यांनी महागडे, प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारे प्लॅटिनम क्युअरच घ्यावे. ते गंधकयुक्त माती किंवा लॅटेक्सच्या हातमोज्यांच्या संपर्कात आले तर तेवढ्या जागी पक्के होत नाही, हे पथ्य मात्र पाळावे लागते.

इपॉक्सीने मला अधिक शिकवले. पहिले तीन मावळे चार दिवसांनीही बोटाला चिकटत होते. बाटलीवरचे २:१ हे प्रमाण आकारमानाचे होते आणि मी ते वजनकाट्यावर मोजत होतो. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असल्यामुळे वजनाने मोजताना तो जास्त पडत होता. त्यानंतर खुणा असलेल्या पेल्यानेच मोजतो, मिश्रण तीन मिनिटे सावकाश ढवळतो, मग ते दुसऱ्या पेल्यात काढून पुन्हा ढवळतो, आणि तेव्हापासून एकही मावळा चिकट राहिलेला नाही. ओतण्यापूर्वी साच्यात टाल्कम पावडर भुरभुरवून झटकली की नाकाच्या शेंड्यावर हवा अडकत नाही.

इपॉक्सीसाठी २४ तास थांबण्याचा कंटाळा आल्याने जुलैत पॉलियुरेथेन रेझिन आणून पाहिले. ते दहा मिनिटांत घट्ट होते खरे, पण पाण्याच्या अंशाशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत माझे मावळे ढोकळ्यासारखे जाळीदार झाले. उरलेली बाटली आता हिवाळ्याची वाट पाहते आहे.

हातमोजे नायट्रिलचे घालावेत, खोलीची खिडकी उघडी ठेवावी आणि साच्याच्या सांध्यामुळे मावळ्यावर उमटणारी शिवण घासताना पॉलिशपेपर ओला करावा, कारण ती कोरडी धूळ छातीत जाणे बरे नव्हे.

साचा ३६व्या मावळ्याला तलवारीच्या टोकाशी फाटला. घाईने साचा उलगडताना मीच तो ताणला होता, त्यामुळे दोष सिलिकॉनला देत नाही. शेवटच्या सहा तलवारींवर आलेला पापुद्रा पुरता निघाला नाही, तेव्हा ते सहा जण यंदा बुरुजाच्या मागच्या अंगाला पहारा देत आहेत.