पृथ्वीवरचं नंदनवन ६० धड्यांत: यहोवाच्या साक्षीदारांचा मोफत बायबल अभ्यास कसा आहे?

ख्रिस्ती माणसाची शेवटची आशा कोणती, असं विचारलं की उत्तर येतं, स्वर्ग. यहोवाचे साक्षीदार (घरोघरी प्रचार करणारा ख्रिस्ती पंथ) म्हणतात, बहुतेकांचा मुक्काम इथेच. हीच पृथ्वी, पण म्हातारपण नाही, मरण नाही आणि गेलेली माणसं पुन्हा उठलेली. ही शिकवण ते घरी येऊन, फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर एकेकाला शिकवतात. २०२१ पासून त्यासाठी ६० धड्यांचं, चार भागांचं पुस्तक आहे. फी नाही, प्रमाणपत्र नाही, शिकवणाऱ्याला पगार नाही. नंदनवनाची शिकवण नीट समजून घ्यायला हा अभ्यास कितपत उपयोगी, एवढंच इथे पाहू.

शिकवण्याची रीत ठरलेली आहे. धडा आधी वाचून ठेवायचा, उत्तरं अधोरेखित करायची. मग समोरासमोर एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, त्याखालचा प्रश्न घ्यायचा, दिलेली वचनं बायबलमधून काढायची. मधल्या भागात विषय आणखी खोलात जातो, छोटे व्हिडिओ असतात, शेवटी सारांश आणि उजळणीचे प्रश्न. आठवड्याला एक बैठक, तासाभराच्या आत, हे प्रमाण ठीक आहे. एका बैठकीत दोन धडे उरकले की वचनं उघडून वाचणं हमखास सुटतं आणि उरतं ते नुसतं परिच्छेद वाचन. त्यांचं मोफत अ‍ॅप घेतलं तर वचनावर बोट ठेवताच ते बाजूला उघडतं. सोय आहेच, पण मेखही तिथेच आहे: एकच वचन दिसतं, त्याच्या मागचंपुढचं दिसत नाही. म्हणून जाडजूड छापील बायबल शेजारी हवंच, शक्यतो दुसऱ्या भाषांतराचं.

सगळे ६० धडे नंदनवनावर नाहीत. २ऱ्या धड्यात आशेची तोंडओळख होते. खरा धागा २५व्यापासून सुरू होतो: देवाचा माणसासाठी मूळ बेत काय, दुःख का आहे, येशूच्या मरणाने काय साधलं, मेल्यावर काय होतं, मेलेले परत कसे येतील आणि शेवटी ३१ ते ३३ या तीन धड्यांत देवाचं राज्य. हा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे, याचं श्रेय द्यायला हवं. कारण या शिकवणीचा खिळा ३३व्या धड्यात नसून २९व्यात आहे. मेल्यावर आत्मा कुठेही जात नाही, माणूस गाढ झोपेत असल्यासारखा असतो, हे पटलं (उपदेशक ९:५, योहान ११:११-१४) तरच पृथ्वीवरच्या पुनरुत्थानाची गरज उरते. आत्मा तडक स्वर्गात पोचत असेल तर त्याला परत खाली आणायचं कशाला? तेव्हा २९वा घाईत संपवू नका, दोन बैठका लागल्या तरी चालतील.

आता दोन वचनं जवळून पाहू. अभ्यासाची ताकद आणि उणीव दोन्ही त्यांत दिसतात.

पहिलं स्तोत्र ३७:२९. 'नीतिमान पृथ्वीचे वतन पावतील' हे मराठी वाचकाच्या कानाला थेट भिडतं, कारण वतन म्हणजे काय ते आपल्याला समजावून सांगावं लागत नाही: पिढ्यान्‌पिढ्या चालणारा, सहजासहजी न हिरावता येणारा हक्क. मूळ हिब्रू कल्पनाही वारशाने मिळालेल्या जमिनीचीच आहे, त्यामुळे भाषांतर चपखल बसलं. घोडं अडतं ते 'पृथ्वी'पाशी. इथला हिब्रू शब्द 'एरेत्स'. त्याचा अर्थ पृथ्वी होतो, तसाच देश, भूमी असाही होतो. हाच शब्द त्याच स्तोत्राच्या ३ऱ्या वचनात आहे आणि तिथे भाषांतरकार साधारणपणे 'देश' घेतात. मग स्तोत्रकर्त्या दाविदाच्या मनात अख्खी पृथ्वी होती की इस्राएलाला दिलेला देश? साक्षीदारांच्या बाजूने बोलायचं तर येशूने मत्तय ५:५मध्ये ११व्या वचनातलेच शब्द घेतले आणि ते फक्त इस्राएलापुरते ठेवले नाहीत. विरुद्ध बाजूने पाहिलं तर स्तोत्र दुष्टांच्या आजच्या भरभराटीबद्दल आहे, जगाच्या अंताचं वेळापत्रक त्यात नाही. ४० वचनांचं स्तोत्र आहे, वाचायला पाच मिनिटं लागतात. उत्तर देण्याआधी सबंध वाचा.

दुसरं लूक २३:४३, वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला दिलेलं वचन. प्रचलित मराठी बायबलमध्ये 'तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असं आहे. साक्षीदार 'आज' मागे ओढतात: मी आज तुला सांगतो, तू माझ्याबरोबर नंदनवनात असशील. म्हणजे सांगणं आजचं, नंदनवन पुढे कधीतरी. ग्रीकमध्ये 'सेमेरोन' म्हणजे 'आज' हा शब्द दोन्ही वाक्यांशांच्या बरोब्बर मधे येतो आणि सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हं नाहीत, त्यामुळे वाद स्वल्पविराम कुठे द्यायचा एवढाच उरतो. मराठीत हे दिसतच नाही. आपल्या वाक्यरचनेत 'आज' ला जागा बदलावी लागते, म्हणून भाषांतरकाराने निर्णय आधीच घेतलेला असतो आणि वाचकाला वाटतं, इथे शंकेला जागाच नाही. साक्षीदारांचा युक्तिवाद असा की येशू स्वतः त्या दिवशी थडग्यात होता (मत्तय १२:४०). उलट बाजू अशी की 'मी तुला खचित सांगतो' हे येशूचं ठरलेलं पालुपद आहे आणि शुभवर्तमानांत इतरत्र कुठेही त्याला 'आज' जोडलेलं नाही. आमच्या मते ही उलट बाजू जड आहे. पण खुद्द 'पॅराडाइज' या शब्दाचं मूळ पाहिलं तर साक्षीदारांची बागेची कल्पना परकी वाटत नाही: जुन्या इराणी भाषेत तो कुंपण घातलेल्या बागेचा शब्द, तिथून ग्रीकमध्ये गेला आणि ग्रीक जुन्या करारात एदेन बागेलाच हा शब्द वापरला आहे.

३१व्या धड्यात आणखी एक गोष्ट येते, ती अनेकांच्या लक्षातून निसटते. या शिकवणीत स्वर्ग रद्द झालेला नाही. प्रकटीकरण १४:१-३ मधले १,४४,००० जण स्वर्गात ख्रिस्ताबरोबर राज्य करतात, बाकीचे पृथ्वीवर. ही विभागणी आजच्या स्वरूपात पक्की झाली १९३५मध्ये, वॉशिंग्टनच्या अधिवेशनात. म्हणजे संघटनेचं नियतकालिक १८७९मध्ये निघालं त्यानंतर अर्धं शतक उलटल्यावर.

३२वा धडा सर्वांत कच्चा. देवाचं राज्य १९१४पासून स्वर्गात सुरू आहे, हा दावा एका हिशेबावर उभा आहे: दानीएल ४मधले 'सात काळ' म्हणजे २,५२० वर्षं, सुरुवात यरुशलेमच्या नाशापासून, म्हणजे त्यांच्या मते इ. स. पूर्व ६०७, शून्य वर्ष नसतं हे धरून शेवट १९१४. बेरीज बिनचूक आहे. पण यरुशलेमचा नाश इतिहासकार इ. स. पूर्व ५८७ किंवा ५८६मध्ये मानतात. आरंभच वीसेक वर्षं सरकला तर १९१४ हातचं जातं. हा प्रश्न बैठकीत विचाराच. अभ्यास घेणारे बहुधा पुढच्या वेळी उत्तर आणून देतात, पण तो संघटनेच्याच प्रकाशनातला उतारा असणार हे गृहीत धरा.

पृथ्वीवरच्या आशेची मक्तेदारी साक्षीदारांकडे नाही, हे पुस्तकातून कळत नाही. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस पृथ्वीवरच्या राज्याची वाट पाहत होता. एकेका वेलीला १०,००० फांद्या येतील, अशी त्याच्याही आधीच्या पापियास या बिशपकडून आलेली द्राक्षांची परंपरा त्यानेच नोंदवली. पुढे ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताने प्रकटीकरणातलं हजार वर्षांचं राज्य म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा चालू काळ असा अर्थ लावला आणि पश्चिमेत तोच रुळला. तरी 'नवं आकाश, नवी पृथ्वी' हे शब्द कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शिकवणीत आजही आहेत. प्रकटीकरण २१:२ मध्ये नगर वरून खाली उतरतं, माणसं वर जात नाहीत, हे त्यांनाही दिसतं.

सोबत वही ठेवा. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे वचन स्वतः काय म्हणतं ते, उजवीकडे परिच्छेद त्यात काय भर घालतो ते. यशया ६५साठी हे करून पाहा: २१व्या वचनात लोक घरं बांधून त्यांत राहतात, द्राक्षमळे लावून फळं खातात, सुंदर चित्र. पण २०व्यात शंभराव्या वर्षी मरणाऱ्याचा उल्लेख आहे. मरण संपलेल्या जगात तो कुठून आला? उजवा रकाना काय म्हणतो ते पाहा.

३४व्या धड्यापासून गाडी दुसऱ्या रुळावर जाते. रक्त घेण्याला नकार, सणवार, राजकारणापासून अलिप्तता आणि ४६-४७ला बाप्तिस्म्याची तयारी. सभेचं आमंत्रण तर १०व्या धड्यातच येतं. नंदनवनाची शिकवण समजून घेणं एवढाच हेतू असेल तर ते सुरुवातीलाच सांगा आणि ३३व्यावर थांबा. अभ्यास केव्हाही बंद करता येतो. आठवड्याला एक धडा धरला तर तिथे पोचायला आठ महिने लागतात, आणि २९वा, ३२वा रेंगाळला तर त्याहून थोडे जास्त.