जर्मनीतली डिजिटल आजारपणाची चिठ्ठी: सोय मोठी, पण कागद फेकू नका

जर्मनीत पूर्वी डॉक्टर पिवळी चिठ्ठी देत. तिची एक प्रत कंपनीला, एक क्रांकेनकासेला, म्हणजे आरोग्य विमा संस्थेला, आजारी माणसानेच पोचवायची. 1 जानेवारी 2023 पासून 'ए-आ-ऊ', म्हणजे डिजिटल चिठ्ठी, हे काम करते. डॉक्टर चिठ्ठी थेट क्रांकेनकासेकडे पाठवतात (हे त्याआधीच सुरू झाले होते) आणि कंपनी ती तिथून मागवते. अंगात ताप असताना पोस्टाची पेटी शोधावी लागत नाही, हे फार मोलाचे आहे.

विमा संस्थेची प्रत पूर्वी अनेक जण पाठवतच नसत, त्यामुळे छोटी आजारपणे मोजलीच जात नव्हती. डीएके या विमा संस्थेकडे आजारपणाचे प्रमाण, म्हणजे सरासरी एका दिवशी आजारी असलेले कामगार, 2021 मध्ये 4.0 टक्के होते, 2022 मध्ये 5.5. सर्दी-तापाच्या साथी होत्याच, पण या उडीत नव्या नोंदणीचाही मोठा वाटा आहे. एवढ्यावरून कामगारांना आळशी ठरवणे अन्याय्य आहे. युरोपातल्या देशांची तुलनाही जपूनच करावी: ब्रिटनमध्ये पहिले 7 दिवस डॉक्टरांची चिठ्ठी लागतच नाही.

घोळ होतो तो कळवण्यात. चिठ्ठी कंपनीकडे आपोआप जात नाही. आजारी आहोत आणि अंदाजे किती दिवस, हे काम सुरू होण्याआधी आपणच सांगायचे. एचआरने त्याच दिवशी घाईने चौकशी केली तर 'चिठ्ठी आलेली नाही' असे उत्तर येते, कारण दवाखान्याकडून ती पोचायला वेळ लागतो. तेवढ्यावरून पगार कापणे चूक. पुढच्या 14 दिवसांत चिठ्ठी आली, तर क्रांकेनकासे ती स्वतःहून कंपनीला पाठवते. मिनीजॉबवाल्यांसाठीही, म्हणजे कमी पगाराच्या छोट्या नोकऱ्या करणाऱ्यांसाठीही, चौकशी क्रांकेनकासेकडेच करायची, अशा नोकऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या मिनीजॉब-त्सेंट्रालेकडे नाही. तिथे हमखास चुकते.

दिवस मोजताना शनिवार-रविवारही धरायचे. शुक्रवारी आजारी पडलात आणि सोमवारीही बरे नसाल, तर सोमवार हा चौथा दिवस. त्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. करारात पहिल्या दिवसापासून मागितली असेल, तर करार पाळावा लागतो. दवाखान्यात आधीपासून जात असाल आणि त्रास गंभीर नसेल, तर फोनवरही 5 दिवसांपर्यंतची चिठ्ठी मिळू शकते. दवाखान्यातून मिळालेली छापील प्रत जपून ठेवा. यंत्रणा अडली तर पुरावा तोच.

खाजगी विमावाले मात्र या सोयीबाहेर आहेत, आणि परदेशातल्या चिठ्ठ्याही. सुट्टीवर पुण्याला आलात आणि आजारी पडलात, तर लगेच कंपनीला मुक्कामाचा पत्ता आणि अंदाजे मुदत कळवा, क्रांकेनकासेलाही सांगा. इथल्या डॉक्टरांकडून नुसते 'विश्रांती घ्यावी' असे लिहून घेऊ नका. 'कामास असमर्थ' हे शब्द आणि कधीपासून कधीपर्यंत त्या तारखा स्पष्ट हव्यात.