जिनिंगच्या काट्यावर वापरलेला टॉवर सर्व्हर: अकरा महिन्यांचा अनुभव आणि सोळा नंबरची लाइन

मागच्या सप्टेंबरात आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यासाठी नागपूरहून एक वापरलेला टॉवर सर्व्हर आणला. चार कोअरचा झिऑन ई३ व्ही२ प्रोसेसर, ३२ जीबी ईसीसी रॅम, रेड (आरएआयडी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं) कार्ड आणि चार डिस्क. नव्या सर्व्हरच्या चौथ्या हिश्श्यात पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगतो तो दोष त्या पिढीच्या पुष्कळ मदरबोर्डांवर होऊ शकतो. सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स टाकलं (एकाच सर्व्हरमध्ये अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारी, लिनक्सवरची प्रणाली) आणि त्यात तीन व्हर्च्युअल मशीन चालवली: एक हिशेबाचं, एक काट्याच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज ७ आणि एक कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगचं. एक अख्खा कापसाचा हंगाम आणि राळेगाव तालुक्यातला एक उन्हाळा या मशीनने पाहिला, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी चांगलं सांगतो. प्रॉक्समॉक्सने एकदाही दगा दिला नाही. पूर्वी तीन वेगवेगळे पीसी होते, त्यातला एक दरवर्षी ऐन दिवाळीत बंद पडायचा. आता रोज रात्री तिन्ही मशीनचा बॅकअप होतो. जानेवारीत विंडोज खराब झालं तेव्हा आदल्या रात्रीची प्रत अर्ध्या तासात परत उभी केली. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना खोलीत फक्त कूलर होता, तरी प्रोसेसर तापून मंदावला नाही. मात्र पंख्यांचा आवाज मोठा आहे, आणि रुईचे तंतू जाळीवर इतके बसतात की हंगामात दर आठ दिवसांनी ब्लोअर मारावाच लागतो. जिनिंगमध्ये सर्व्हर ठेवणार असाल तर हे काम कोणाला तरी नेमून द्या.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडे दोन काटे आहेत. एक गेटवरचा मोठा, ज्यावर ट्रॅक्टर आणि बंड्या (बैलगाड्या) चढतात, आणि दुसरा रुई दाबून गठाणी बांधणाऱ्या प्रेसजवळचा, १७० किलोची गठाण तोलायचा. दोन्हींचे इंडिकेटर सिरियल केबलने वजन पाठवतात. सर्व्हरला मागे सिरियल पोर्ट एकच. त्यावर गठाणीचा काटा जोडला आणि मोठ्या काट्यासाठी दोन पोर्टचं जुनं पीसीआय कार्ड बसवलं. ते जुन्या पीसीमधून काढलेलं होतं, चांगलं चालत होतं.

पहिली अडचण पहिल्याच दिवशी आली. हे कार्ड थेट विंडोजच्या मशीनला द्यावं, म्हणजे पासथ्रू करावं, असा विचार होता. मशीन सुरूच होईना. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ एवढंच यायचं. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये कारण होतं: कार्ड आणि एक यूएसबी कंट्रोलर (यूएसबी पोर्ट सांभाळणारी चिप), दोघंही आयआरक्यू १६ वर. उपकरण प्रोसेसरला ‘माझं काम आलं’ अशी हाक मारतं ती इंटरप्ट, आणि ती हाक ज्या नंबरच्या लाइनीवरून जाते ती आयआरक्यू. पीसीआय मानकाच्या २.३ आवृत्तीपासून कार्डाला स्वतःचा इंटरप्ट दाबून ठेवायची सोय आली. ती सोय असेल तर लाइन वाटून घेतलेली असली तरी पासथ्रू जमतं. आमच्या कार्डात ती नव्हती, म्हणून पासथ्रू करणाऱ्या व्हीएफआयओ ड्रायव्हरला ती लाइन एकट्यासाठी हवी होती, आणि तिथे यूएसबी आधीच बसलेला. यूएसबी कंट्रोलर बंद केला असता तर मार्ग मोकळा झाला असता, पण त्याच कंट्रोलरवर यूपीएसची केबल होती. आमच्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाते हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. यूपीएसने सर्व्हरला इशारा दिला नाही तर डिस्कवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून पासथ्रू सोडलं, कार्ड होस्टच्याच, म्हणजे मूळ प्रॉक्समॉक्सच्याच, ड्रायव्हरवर ठेवलं आणि तो सिरियल पोर्ट विंडोजला जोडून दिला. प्रॉक्समॉक्समध्ये हे एका ओळीचं काम आहे. पासथ्रूपेक्षा हेच साधं आणि बरं, असं माझं आजही मत आहे.

दोन महिने सुरळीत गेले. डिसेंबरात, कापसाची आवक भरात असताना, काटा अडकू लागला. काट्यावरच्या काकांचा फोन यायचा, ‘भाऊ, वजन येऊन नाही राहिलं जी. काट्यावर दिसते, कॉम्प्युटरात येतच नाही.’ सर्व्हर बंद करून चालू केला की दोन-चार दिवस ठीक, मग पुन्हा तेच. भरलेल्या गाडीचं वजन घेतलं, कापूस खाली झाला आणि रिकाम्या गाडीच्या वजनाला काटा अडकला, तर काटापावतीच बनत नाही. बाहेर रांग लागलेली. एक शेतकरी मला म्हणाले, ‘सकाळपासून उभा आहो भाऊ, बैल उपाशी हायेत.’ त्या दिवशी पावत्या हाताने लिहिल्या. वर्षभराची कमाई ज्या वजनावर ठरते, ते वजन हाताने लिहिताना मला फार अवघडल्यासारखं झालं.

काटा दुरुस्त करणारे दोनदा येऊन गेले. केबल बदलली, उंदरांनी कुरतडली असेल म्हणून पाइपातून नेली. अर्थिंग तपासलं. इंडिकेटर बदलायचं ठरत होतं, त्याची किंमत बरीच होती.

खरा सुगावा दुसरीकडे होता आणि तो मला उशिरा दिसला. काटा अडकायचा त्या रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत संपलेला नसायचा, एरवी दोन तासांत व्हायचा. आणि यूपीएसच्या लॉगमध्ये ‘डेटा स्टेल’, म्हणजे ताजी माहिती येत नाही, अशा नोंदी होत्या. तिन्हींच्या वेळा कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या तेव्हा काटा, यूपीएस आणि बॅकअपची यूएसबी डिस्क एकाच मिनिटाला बिघडत होती. या तिघांचा आपसात काय संबंध? केबल वेगळी, ड्रायव्हर वेगळा, काम वेगळं. त्यांच्यात सामाईक होती ती फक्त सोळा नंबरची लाइन. कीबोर्ड मात्र व्यवस्थित चालायचा, त्यामुळे ‘यूएसबी तर ठीक आहे’ असं मी धरून चाललो होतो. कीबोर्ड दुसऱ्या कंट्रोलरवर, २३ नंबरवर होता हे नंतर कळलं.

कर्नलच्या लॉगमध्ये दोन ओळी सापडल्या: ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ आणि थोडं खाली ‘डिसेबलिंग आयआरक्यू १६’.

याचा अर्थ आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगतो. समजा दोन खोल्यांना मिळून एकच बेल आहे. बेल वाजली की शिपाई दोन्ही खोल्यांत जाऊन विचारतो, कोणी बोलावलं? वाटून घेतलेली आयआरक्यू लाइन अशीच चालते. कर्नल त्या लाइनवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारतो, तुझं काम आहे का? आता एका खोलीतलं बटण दाबलेलंच अडकलं तर बेल वाजतच राहते, आणि दोन्ही खोल्यांतून ‘आम्ही नाही’ असं उत्तर येतं. लिनक्स हे मोजतो. एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून जास्त बेवारस निघाले की तो ती लाइनच बंद करून टाकतो, नाहीतर प्रोसेसर दुसरं काही करूच शकणार नाही. त्यानंतर खऱ्या कामाची बेलसुद्धा ऐकू येत नाही. कर्नल सेकंदातून साधारण दहा वेळा स्वतः फेरी मारून विचारतो, तेवढंच.

आणि या दहा फेऱ्यांत काट्याचं वजन का मरतं, हा हिशेब मला सगळ्यात पटला. इंडिकेटर ९६०० बॉडने, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांनी, सतत वजन पाठवतो. एका अक्षराला दहा बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. दोन फेऱ्यांच्या मध्ये ९६ अक्षरं येतात, आणि कार्डावरच्या सिरियल चिपच्या पोटात जागा फक्त १६ अक्षरांची. ८० अक्षरं वाया. काट्याच्या सॉफ्टवेअरला अर्धवट आकडे मिळायचे आणि ते, बरोबरच, नाकारायचं. तुटका आकडा त्याने खरा मानला असता तर काय झालं असतं, हा विचार मनात येऊन गेला आणि त्या सॉफ्टवेअरबद्दलचा माझा राग गेला.

बटण अडकवत कोण होतं? कार्ड लावलेला जुना पीसीआय स्लॉट आमच्या बोर्डावर थेट चिपसेटला जोडलेला नाही. मध्ये पीसीआय एक्सप्रेसवरून जुन्या पीसीआयला जोडणारी एक पुलाची चिप आहे. पीसीआय एक्सप्रेसमध्ये इंटरप्टची खरी तार नसतेच. ‘लाइन उचलली’ आणि ‘लाइन सोडली’ असे दोन निरोप जातात. पुलाने ‘सोडली’ हा निरोप एकदा जरी गाळला तरी वरच्या बाजूला लाइन उचललेलीच राहते. कार्ड बिचारं शांत असतं, यूएसबीही शांत, आणि सोळा नंबर ओरडत राहतो. कार्ड काढून ठेवल्यावर हा बिघाड परत आला नाही, म्हणून मी याच निष्कर्षावर आहे.

मध्ये चुकीचे उपायही करून झाले. ‘आयआरक्यूपोल’ हा बूट पर्याय खुद्द त्या संदेशातच सुचवलेला असतो. तो लावला तर विंडोजमध्ये माऊस अडखळू लागला आणि हिशेबाचं मशीन जड झालं. दोन दिवसांत काढला. इंटरप्ट वेगवेगळ्या कोअरवर वाटणाऱ्या ‘आयआरक्यू बॅलन्स’ने लाइन दुसऱ्या कोअरवर नेली, पण त्याने वाटणी सुटत नाही, फक्त तीच भांडणं दुसऱ्या कोअरवर होतात. ‘नोएमएसआय’ (एमएसआय बंद करणारा बूट पर्याय) लावून पाहा, असं एकाने सुचवलं. ते मी केलं नाही आणि तुम्हीही करू नका. एमएसआयमध्ये उपकरण ठरलेल्या पत्त्यावर मेमरीत एक निरोप लिहितं, लाइन लागतच नाही. आमचं रेड कार्ड आणि नेटवर्क कार्ड एमएसआय-एक्सवर, म्हणजे एमएसआयच्याच पुढच्या प्रकारावर होती, म्हणूनच या सगळ्या गोंधळात डिस्क आणि नेटवर्क सुखरूप राहिलं. नोएमएसआय लावलं असतं तर तीही त्याच थोड्या लाइनींवर येऊन बसली असती. इंटेलच्या या पिढीच्या चिपसेटमध्ये अशा वाटायच्या लाइनी १६ ते २३, म्हणजे फक्त आठ.

हंगामात मग एवढंच केलं: पीसीआय कार्ड काढून ठेवलं. मोठा काटा सर्व्हरच्या मागच्या मूळ पोर्टवर आणला. त्याला आयआरक्यू ४ मिळतो आणि तिथे दुसरं कोणी नाही. गठाणीचा काटा यूएसबी-सिरियल केबलने २३ नंबरच्या कंट्रोलरवर टाकला. त्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत काटा एकदाही अडकला नाही. होळीनंतर गठाणीच्या काट्याला सिरियलचं इथरनेट करणारा छोटा डबा लावला, कारण प्रेसजवळ मोटारींमुळे लांब यूएसबी केबल टिकत नव्हती.

असा सर्व्हर घ्यावा का? घ्यावा, पण पैसे देण्याआधी विक्रेत्याला पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करायला सांगा आणि दोन फोटो मागवा. एक प्रॉक फोल्डरमधल्या इंटरप्ट्स फाइलचा. त्यात एका ओळीच्या शेवटी स्वल्पविराम देऊन दोन-तीन नावं असतील तर ती लाइन वाटलेली आहे. दुसरा एलएसपीसीआय या कमांडच्या सविस्तर यादीचा. तिथे प्रत्येक उपकरणाचा आयआरक्यू आणि एमएसआय चालू की बंद ते दिसतं, चालू असेल तर ‘इनेबल’पुढे अधिकचं चिन्ह असतं. फोटो काढताना तुमचं कार्ड स्लॉटमध्ये असायला हवं, रिकाम्या स्लॉटवरून काही कळत नाही. कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये सरकवलं की बहुतेक वेळा लाइन बदलते, कारण स्लॉटागणिक लाइनींची जोडणी फिरवलेली असते. जुना पीसीआय स्लॉट पुलाच्या चिपमागे असेल तर तो नाहीच असं समजून व्यवहार करा. आणि यूपीएसची केबल कोणत्या कंट्रोलरवर आहे ते एका कागदावर लिहून सर्व्हरच्या दारावर आतून चिकटवा.

मागच्या आठवड्यात वणीकडच्या एका ओळखीच्या जिनिंगसाठी असाच सर्व्हर पाहिला. फोटो मागवले. त्यात यूपीएस लावायचा यूएसबी आणि सिरियल कार्ड दोन्ही १६ वर, कार्ड पुन्हा पुलामागेच. सर्व्हर घेतला, कार्ड परत केलं आणि दोन्ही काट्यांना इथरनेटचे डबे सांगितले. दसऱ्याआधी बसवायचे आहेत.