साडेसातशेची फ्रेम आणि रामकुंडावरची वही

अमळनेरच्या पोस्टात मी एकतीस वर्षं टपाल लावलं. आमच्याकडे एकेका गल्लीत पाटील इतके की पोस्टमन आडनाव बघायचाच नाही, वडिलांचं नाव बघायचा. बाकी वाणी, शिंपी, सोनार, कोळी, म्हणजे जात तेच आडनाव. त्यात आमचं एकच घर वाकनीसांचं. गॅसच्या पावतीवर वाघनीस, रेशन कार्डावर वाकडे, आणि भाजीवाली अजून विचारते, "ताई, हाई आडनाव कोठलं शे?"

जळगावच्या एका प्रदर्शनात 'आडनावाचा इतिहास, फ्रेमसह' असा स्टॉल दिसला आणि आमच्या ह्यांनी लगेच साडेसातशे मोजले. दहा मिनिटांत फ्रेम हातात. सोनेरी कडा, दोन तलवारी, मधे सिंह. खाली मजकूर: वाक् म्हणजे वाणी, नीस म्हणजे निष्णात, सबब हे वक्त्यांचं घराणं. आमचे हे जेवताना मीठसुद्धा खुणेनं मागतात.

अहो, 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. फडणीस, चिटणीस, जमेनीस सगळे तसेच. आणि 'वाक' आला अरबी 'वाकिआ'वरून, म्हणजे घडलेली गोष्ट. रोज घडलेलं टिपून ठेवणारा तो वाकेनवीस. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत हे पद होतं. 1674च्या राज्याभिषेकाच्या वेळी त्या पदाचं नाव मंत्री झालं, सुरनीसाचं सचिव, डबिराचं सुमंत. म्हणून उठसूट प्रत्येक वाकनीसानं दरबाराशी नातं सांगू नये. चिटणीस ब्राह्मणांत आहेत, सीकेपींतही आहेत. आडनाव पदाचं, रक्ताचं नव्हे. स्टॉलवाल्याला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, सिंह बदलून वाघ देऊ?" स्टॉलला माझ्याकडून एक तारा, तोही काच बरी आहे म्हणून.

खरं काम झालं नाशिकला. पहाटेच्या एसटीनं धुळे, मालेगाव करत दुपारी रामकुंडावर. आपल्या भागाचे तीर्थोपाध्याय, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी वहीत ठेवणारे गुरुजी, कोण हे विचारत फिरण्यात तासभर गेला, पाटीबिटी काही नाही. सापडल्यावर मात्र गुरुजींनी आधी गाव विचारलं, आडनाव नंतर. लाल कापडात गुंडाळलेली लांबट वही काढली, बोटाला थुंकी न लावता पानं उलटली (हे मी मुद्दाम बघितलं). सासऱ्यांची सही निघाली, निळ्या शाईतली, 'क'ची शेपटी तशीच लांब. हे चष्मा पुसत बसले. त्यामागे शके 1829ची, म्हणजे 1907ची नोंद, आजेसासऱ्यांच्या वडिलांची: वाकनीस. त्याहून जुनी मोडीत होती. मला मोडी येत नाही, गुरुजींनीच वाचून दाखवली. नाव, बापाचं नाव, गाव, भाऊ, आणि आडनाव 'कुलकर्णी'.

पुन्हा वाचायला लावलं. कुलकर्णीच.

मी माहेरची कुलकर्णी. "आमचं आडनाव दरबारी, तुमचं गल्लोगल्ली," हे मी तेहेतीस वर्षं ऐकलंय.

दक्षिणा किती ते गुरुजींनी सांगितलं नाही, आम्ही पाचशे एक ठेवले. नवी नोंद आपल्या हातानं करायची असते. ह्यांनी सही केली, खाली नातवंडांची नावं घातली. फोटो काढू देत नाहीत, वही आणि पेन घेऊन जा. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी. एक तारा कापते तो पत्ता शोधायला लागलेल्या तासाभरासाठी.

परतीला मालेगाव येईपर्यंत हे गप्प होते. मग म्हणाले, "ती फ्रेम माळ्यावर टाकू."

मी म्हटलं, "राहू द्या हो हॉलमध्ये. सिंह छान आहे."