मुलाच्या लग्नात द्यायला घड्याळ: सेको ५ स्पोर्ट्स, मॉडेल एसआरपीई५३

४० मिमी व्यास, ११.५ मिमी जाडी. निळी तबकडी उन्हात उजळते, सावलीत जवळजवळ काळी दिसते. लग्नाच्या सूटच्या बाहीखाली सहज सरकते आणि नंतर रोज ऑफिसला शोभते, म्हणूनच हे आवडले. मुलाचे मनगट कागदाच्या पट्टीने आधी मोजून घ्या. साडेसहा-सात इंचांवर नेमके बसते.

गोव्यात चामड्याचा पट्टा नकोच. घामाने वास धरतो, पावसाळ्यात कपाटात बुरशी येते. याचा स्टीलचा पट्टा बरा. कड्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढायला सांगा, नाहीतर क्लॅस्प (पट्टा बंद करायचा खटका) मनगटाच्या मधोमध येत नाही. काढलेल्या कड्या मागून घ्या.

ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने चावी भरणारे असल्याने सेल नाही, पण काढून ठेवले की सुमारे ४१ तासांत थांबते. पुन्हा लावताना घड्याळात रात्री ९ ते पहाटे ४ वाजलेले असताना तारीख बदलू नका, चाकाचे दात दुखावतात. पाणी १०० मीटरपर्यंत सोसते. मात्र मिरामार-कोलव्याला समुद्रात उतरल्यावर गोड्या पाण्याने धुवाच. काच हार्डलेक्स (सेकोची कडक केलेली खनिज काच), जास्त कठीण सफायर नव्हे, चरे पडतात; या किमतीत ही खंत राहते. मागचे झाकण पारदर्शक, म्हणून नाव-तारीख क्लॅस्पवर कोरून घ्यावी.