पर्सेंटाइल बासष्ट: दहावीच्या अभिक्षमता चाचणीचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत दहावीतल्या मुलीला पुण्यातील एका समुपदेशन केंद्रात अभिक्षमता चाचणीसाठी (ॲप्टिट्यूड टेस्टसाठी) नेले. ‘सायन्स की कॉमर्स’ हा विषय घरात रोज जेवताना निघत असल्याने ती चार घासांत ताट उरकून उठू लागली होती. चाचणी, अहवाल आणि समुपदेशनाच्या दोन भेटी मिळून साडेचार हजार रुपये लागले.

चाचणीची व्यवस्था नेटकी होती आणि एका वेळी सहाच मुले बसवली होती.

तक्रार आहे ती अहवालाविषयी. भेटीच्या दोन दिवस आधी तो ई-मेलने आला, सगळा इंग्रजीत आणि स्पष्टीकरणाविना. आकडेमोडीच्या क्षमतेपुढे 62 हा आकडा पाहून मुलीने ते गुणच समजले आणि शाळेत गणितात नव्वदच्या खाली न आलेली ही मुलगी रात्रभर धुमसत राहिली. समुपदेशक बाईंनी नंतर सांगितले की हे गुण नाहीत, शततमक म्हणजे पर्सेंटाइल आहे. त्याच वयोगटातील शंभर मुले रांगेत उभी केली तर सुमारे बासष्ट तिच्या मागे असतील. हे एक वाक्य अहवालातच छापले असते तर भीती घालवण्यासाठी घेतलेल्या चाचणीने नवी भीती घातली नसती.

भेटींबद्दल मात्र मला चांगलेच लिहायचे आहे. बाईंनी पहिली चाळीस मिनिटे आम्हा आईवडिलांना बाहेर बसवले, ज्याचा मला तेव्हा थोडा रागही आला. आत गेलो तेव्हा टेबलावर एक पाठकोरा कागद होता आणि त्यावर मुलीच्याच अक्षरात रस्ते आखलेले होते: दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि तिथून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर विधी किंवा सनदी लेखापालाचा अभ्यासक्रम. जीवशास्त्र सोडल्यास वैद्यकीय शिक्षणाची वाट जवळपास बंद होते, हेही त्यांनी न लपवता सांगितले होते. कोणता निर्णय फिरवता येतो आणि कोणता नाही, हे डोळ्यांसमोर आल्यावर तिने आपणहून विचारले, “मग अकरावीला भूगोल घेऊन पुढे काय करता येतं?” हा प्रश्न आमच्या घरात यापूर्वी कोणी विचारलाच नव्हता.

राज्य मंडळाने 2016 साली सुरू केलेली कल चाचणी थोरल्याने दिली होती. कृषीपासून गणवेशधारी सेवांपर्यंत सात क्षेत्रांतली आवड ती पाहत असे. त्याचा कल गणवेशाकडे निघाल्यावर आम्ही दोन दिवस त्याला ‘फौजदार’ म्हणून चिडवले आणि कागद कपाटात टाकला. आवड आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या केंद्रात कळले.

जायचे असेल तर दहावीच्या निकालानंतर जाऊ नये. तेव्हा तिथे रांग असते आणि अकरावीच्या प्रवेश अर्जाची मुदत डोक्यावर असते. अहवाल हातात पडण्याआधी भेटीची वेळ ठरवून घ्यावी आणि तो समुपदेशकांसमोरच उघडावा.