घरच्या भाजीसाठी माती : काळी, पोयटा आणि पिशवीतली, वर्षभर वापरल्यावर

जळगावात गच्चीवर ग्रो बॅगा आणि मागच्या अंगणात दोन वाफे, एवढीच आमची बाग. मृगाच्या सुमारास तीन प्रकारची माती भरली : शेतातली काळी, गिरणाकाठच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडचा पोयटा (नदीच्या गाळाची माती) आणि ऑनलाइन मागवलेलं कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुशाचं) तयार मिश्रण. आता मे सरत आलाय, म्हणजे तिन्हींची परीक्षा झाली.

पिशवीतलं मिश्रण हलकं. गच्चीला तो मोठाच फायदा, कारण एक घनफूट ओली माती ५० किलोच्या आसपास भरते. पावसाळ्यात मेथी-कोथिंबीर सुरेख आली. होळीनंतर मात्र हाल. सकाळी भरपूर पाणी घातलं तरी दुपारी पानं माना टाकतात, आणि एकदा खडखडीत वाळलेलं कोकोपीट लवकर पाणी धरत नाही. कसही नसतो, खत घालत राहावं लागतं. पैशाच्या मानाने मला तरी पटलं नाही.

काळी माती कापसा-केळीला सोनं, पण कुंडीत नुसती भरू नका. वाळताना ती आक्रसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ तळाला जातं. खालून पाणी आलं की आपल्याला वाटतं झाड भिजलं. बोट खुपसून बघा, मधला गड्डा कोरडाच. श्रावणात उलट, चिखल होऊन मुळं गुदमरतात. मूठभर वाळूने काही होत नाही, उलट विटेसारखी घट्ट बसते.

पोयट्यावर मी खूश आहे. मातीत काय किती आहे ते बघायला बरणीत माती-पाणी हलवून ठेवलं तर वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयट्याचे बारीक कण काही तासांत, चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. माती घेण्याआधी एवढं नक्की करा.

वाफ्यात दोन घमेली पोयटा, एक काळी, एक शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घातली. भरताची वांगी आणि गिलके यावरच धरले. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं : वास नाही, हाताला गरम नाही. कच्च्याबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. गच्चीवर काळी निम्मी करून तेवढं कोकोपीट घाला.

व्हिडिओ बघून चुना किंवा राख टाकू नका. ते कोकणातल्या आंबट मातीला ठीक. आपली काळी माती मुळातच चुनखडीची, सामू (pH) बहुधा आठच्या आसपास. चुना वाढला की लोह मिळेनासं होतं, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

पोयट्याची एकच कटकट, लव्हाळा हे तण. चाळून घेतला तरी गाठी येतातच. सध्या रिकामा वाफा ओला करून पारदर्शक प्लास्टिकखाली झाकलाय. बाकी तणाचं बी या उन्हात मरेल, लव्हाळा मात्र खुरप्यानेच काढावा लागणार.